पाच मिनिटं चाळीस सेकंदांची शांतता

रेडिओ केंद्रातल्या ध्वनिसंकलकाच्या पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळे अहवाल उत्तम आले. रक्त उत्तम, यकृत उत्तम, आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं तर तेही उत्तम. पोट तेवढं बिघडलेलं होतं.

"काही निघालं नाही, ही चांगली बातमी आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग मला होतं ते काय?"

होत होतं ते असं. घराबाहेर पडायची वेळ झाली की पोटात कळ यायची. साहेबांनी बैठक बोलावली की कळ. पाहुणे येणार म्हणून फोन आला तर पाहुण्यांच्या आधी कळ हजर. दोन वर्षांत तो घरापासून चाळीस मिनिटांपेक्षा लांब गेला नव्हता, आणि त्या चाळीस मिनिटांच्या आतलं प्रत्येक स्वच्छतागृह त्याला पाठ होतं. कुठल्या बँकेत विचारलं तर नाही म्हणतात, कुठल्या दुकानात काही विकत घेतल्याशिवाय किल्ली देत नाहीत, कुठल्या दवाखान्यात दोन मिनिटं रुग्णासारखं तोंड करून बसलं की कोणी अडवत नाही. अशी माहिती एखाद्या नगरपालिकेकडेही नसेल.

"तुमचं डोकं आणि तुमचं आतडं यांचं भांडण आहे," डॉक्टरांनी समजावलं. "डोकं घाबरतं, मग आतडं आवळतं. आतडं आवळलं की डोकं आणखी घाबरतं. सुरुवात कोणी केली ते विचारू नका. नवरा-बायकोच्या भांडणात ते कळत नाही, तसंच हे."

"आमच्याकडे कोण सुरुवात करतं ते ठरलेलं आहे," शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली.

"भीतीने पोटात गोळा येतो, हे आपण लहानपणापासून बोलतो. फक्त खरं मानत नाही." डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. जेवण बसून, वीस मिनिटं घेऊन करायला सांगितलं. आणि दिवसातून दोनदा, पंधरा-सोळा मिनिटं, पोटाने सावकाश श्वास घ्यायचा. "हे कोणाकडून तरी नीट शिकून घ्या. ही जादू नव्हे. सहा-आठ आठवड्यांनी भांडण संपेल असंही मी म्हणत नाही. आवाज कमी होईल."

सहा-आठ आठवडे त्याला पुरणार होते की नाही हा प्रश्न त्याच दिवशी संध्याकाळी उभा राहिला. मुलीचा फोन आला. ती नोकरीच्या गावी, बसने चार तासांवर राहायची. ती आणि तिचा मित्र नोंदणी पद्धतीने लग्न करणार होते. तारीख मिळाली होती, बरोबर सात आठवड्यांनंतरची. वधूकडून एक साक्षीदार हवा होता.

"बाबा, खरं सांग. जमेल का तुला? चार तास आहेत, घाटाचा रस्ता आहे. नाहीतर काकांचं नाव टाकते. ते येणारच आहेत."

काका म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला. घरातल्या प्रत्येक पंगतीला तो तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा आणि छातीवर हात आपटून सांगायचा, "मला दगड द्या, पचवून दाखवतो. आमच्या धाकट्याला पाणीसुद्धा उकळून, गाळून, समजूत घालून द्यावं लागतं."

"माझं नाव लिही," संकलक म्हणाला, फोन बायकोच्या हातात दिला आणि आत गेला. दार लागल्याचा आवाज मुलीला तिकडे ऐकू गेला.

"काकांनाही नीट कपडे घालून यायला सांग," बायको फोनवर हळूच म्हणाली. "असू दे आपलं बदली म्हणून."

केंद्रात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. बावीस वर्षं तो आवाज कापत होता. मान्यवर बोलताना जे ‘म्हणजे’, ‘खरं तर’, ‘आपलं ते’ म्हणतात ते काढायचं, खोकला काढायचा, ओठ उघडतानाचा ‘पच्’ आवाज काढायचा आणि सगळ्यांत आधी श्वास काढायचा. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेचे श्वास तो इतके साफ काढायचा की तिच्या आईने एकदा घाबरून फोन केला होता, "बाई गं, मध्ये दम घेत जा, मला इथे गुदमरायला होतं." आपल्या कामाची एवढी मोठी पावती आपल्याला दुसरी मिळाली नाही, असं तो मानायचा.

श्वासासारखीच शांतताही केंद्राला चालत नसे. तिथे शांतता म्हणजे बिघाड. आठ सेकंद आवाज गेला नाही की नियंत्रण कक्षात तांबडा दिवा लागायचा, भोंगा वाजायचा आणि यंत्र आपलं आपण राखीव संगीत सुरू करायचं. कात्रीच्या पाळीत हे बावीस वर्षांत एकदाच घडलं होतं. त्याबद्दल खुलासा मागणारं पत्र त्याने अजून खणात ठेवलं होतं. जेवायचा तो दोन बातमीपत्रांच्या मध्ये, उभ्याने, सहा मिनिटांत, एक कान हेडफोनमध्ये ठेवून.

डॉक्टरांकडे जाऊन तीन दिवस झाले असतील, तोच केंद्राच्या साहेबांना एक कल्पना सुचली.

"लोकांना ताण आहे," साहेब बैठकीत म्हणाले. "आणि ताण पोटात जातो. आपण लोकांना श्वास शिकवायचा. रोज सकाळी, हवामानानंतर. नाव ‘निवांत पोट’. सहा मिनिटं, त्यातले वीस सेकंद प्रायोजकाचे."

प्रायोजक ॲसिडिटीच्या गोळ्या बनवणारी कंपनी होती. लोकांची पोटं लवकर बरी व्हावीत अशी तिला घाई नव्हती, पण विषय तिला जवळचा वाटला.

शिकवायला ज्या बाई बोलावल्या त्यांनी तीस वर्षं एका इस्पितळात काम केलं होतं. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना पुन्हा पोटभर श्वास घ्यायला शिकवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी वर्ग घेत. आवाज थोडा घोगरा, कपडे साधे, बोलणं त्याहून साधं.

"सहा मिनिटांत?" त्यांनी साहेबांना विचारलं. "सहा मिनिटांत माणूस नुसता बूट काढून बसतो."

"तुम्ही बोला हो. बसवायचं काम आमचं."

बाई सोळा मिनिटं बोलल्या. बोलल्या म्हणजे, तीन मिनिटं बोलल्या आणि उरलेला वेळ श्वास घेतला. "नाकाने श्वास घ्या. हाताखाली पोट वर येऊ द्या," असं म्हणून स्वतः सावकाश चार मोजेपर्यंत श्वास घ्यायच्या. "आता सोडा. सावकाश," म्हणून आठ मोजेपर्यंत सोडायच्या. काचेपलीकडे कात्री हेडफोन लावून बसला होता. पहिल्या श्वासाला त्याचा हात पेनाकडे गेला. दुसऱ्या मिनिटाला त्याने एका कागदावर नेहमीच्या खुणा करायला सुरुवात केली.

चाळीस मिनिटांत त्याने काम संपवलं. चौसष्ट श्वास होते, चौसष्टही काढले. मधली प्रत्येक शांतता दीड सेकंदावर आणली. सुरुवातीची प्रस्तावना घट्ट केली. सगळं जोडून पाहिलं तर लांबी आली पाच मिनिटं चाळीस सेकंद. त्याला स्वतःलाच जरा भरून आलं.

साहेबांनी ‘डोकं-शेपूट’ ऐकलं. केंद्रातली ही जुनी रीत होती. पहिलं अर्धं मिनिट ऐकायचं, शेवटचं अर्धं मिनिट ऐकायचं आणि सही करायची. मधलं पोट कोणी ऐकत नसे.

"झकास, कात्री. सांधा कुठे कळत नाही."

कात्रीला जे कोणाकडून तरी शिकून घ्यायचं होतं ते असं बसल्या जागी पदरात पडलं होतं. त्याने ध्वनिमुद्रणाची एक प्रत फोनमध्ये घेतली. अर्थात कापलेली. कच्चं ध्वनिमुद्रण घरी नेणं त्याला न धुतलेली भाजी घरी नेण्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसू लागला. डोळे मिटलेले, एक हात पोटावर. फोनमधून बाईंचा आवाज यायचा: "श्वास घ्या. पोट वर येऊ द्या. सोडा. सावकाश. श्वास घ्या." ‘सावकाश’ म्हणून बाई लगेच पुढचा श्वास घ्यायला सांगत होत्या, आणि तो आज्ञाधारक विद्यार्थी होता. दर चार सेकंदांना एक, असे चौसष्ट खोल श्वास घेऊन तो उठला की बोटांना मुंग्या आलेल्या असायच्या, ओठ बधिर झालेले असायचे आणि गिळलेल्या हवेने पोट नगाऱ्यासारखं वाजत असायचं.

"अहो, हा निवांत होण्याचा व्यायाम आहे ना?" बायकोने चौथ्या दिवशी विचारलं. "मग सुटलेल्या बसमागे पळून आल्यासारखे का दिसताय?"

"सुरुवातीला त्रास होतोच. सवय बदलायला वेळ लागतो. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांनी आवाज कमी होईल म्हणून सांगितलं होतं. तुमच्या पोटाचा मला स्वयंपाकघरात ऐकू येतोय."

बायकोच्या ऐकण्यावर त्याचा विश्वास नव्हता. दोष आपल्यातच आहे, आपण मुळात मंद श्वासाचे आहोत आणि बाईंच्या गतीला पोचायला कमी पडतोय, असं त्याने ठरवलं. त्याने दिवसातून दोनदाऐवजी तीनदा सुरू केलं. पूर्वी कळ रोज एकदा यायची, ती दोनदा येऊ लागली. मुलीच्या लग्नाला चार आठवडे उरले.

कार्यक्रम मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. छापखान्यातल्या सकाळपाळीने सामुदायिक पत्र लिहिलं की कार्यक्रम ऐकला की झोप खाडकन उडते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं, "दहाव्या-बाराव्या श्वासाला डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके दिसतात. ही कितवी पायरी समजावी?" साहेबांनी हे पत्र फलकावर लावलं. गोळ्यांचा खप वाढल्याचं प्रायोजकाने कळवलं आणि आभार मानले.

ज्यांचा आवाज रोज घरोघरी जात होता, त्या बाईंनी तो ऐकला नव्हता. कार्यक्रमाच्या वेळी त्यांचा वर्ग असायचा. पण एके दिवशी वर्गात नवा माणूस आला. मी रेडिओवर शिकलोय, म्हणाला, आणि शिकलेलं करून दाखवायला लागला. तिसऱ्या मिनिटाला तो सतरंजीवर आडवा झाला. त्याला साखरपाणी देऊन, भिंतीला टेकवून बाई तडक केंद्रावर आल्या आणि कात्रीच्या खोलीत शिरल्या.

"काय ऐकवताय तुम्ही लोकांना? लावा."

त्याने लावलं. बाईंनी पाच मिनिटं चाळीस सेकंद उभ्यानेच ऐकलं.

"यात माझा श्वास कुठे आहे?"

"काढला. ऐकू येत होता."

"ऐकू यावा म्हणूनच घेतला होता ना मी! माणूस त्याच्याबरोबर आपला श्वास लावतो. आणि मधला वेळ?"

"शांतता होती."

"हो. तेव्हा श्वास सोडायचा असतो."

"आठ सेकंद आवाज गेला की इथे भोंगा वाजतो, बाई," तो म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला, कारण बाई काय म्हणताहेत ते त्याला तेव्हा पहिल्यांदा पोचायला लागलं होतं. "मी स्वतः हेच करतोय. तीन आठवडे. रोज तीनदा."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि अजून उभे आहात? प्रकृती दणकट आहे तुमची. कशासाठी करताय?"

केंद्रात त्याने हे कोणालाही सांगितलं नव्हतं. बैठकीतून उठायचं तर तो फोन आल्याचं नाटक करायचा, आणि त्याला फार फोन येतात असा त्याचा लौकिक होता. बाईंना त्याने सांगितलं. पोट, बस, चार तास, मुलगी, साक्षीदार. तीन वाक्यांत सांगून झालं. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं.

"दार लावा," बाई म्हणाल्या. "आणि बसा. हात पोटावर. ती छाती झाली, पोट त्याच्या खाली असतं."

त्याने हात खाली घेतला. बाईंनी श्वास घेतला, त्याने घेतला. बाईंनी सोडायला सुरुवात केली, त्यानेही केली. एक, दोन, तीन, चार. घड्याळाकडे न बघता सेकंद ओळखण्याची कला त्याला अवगत होती आणि तीच आता त्याच्या मानगुटीवर बसली. सहा. सात. त्याचे खांदे वर आले.

"काय झालं?"

"भोंगा वाजेल असं वाटलं."

"कुठे, पोटात? वाजू द्या. पुढचा घ्या."

सोळा मिनिटांनी त्याने डोळे उघडले तेव्हा बाई निघायची तयारी करत होत्या. पोटात काही चमत्कार झाला नव्हता. फक्त मुंग्या आल्या नव्हत्या आणि खांदे कानांपासून दूर होते.

"मोजणं सोडा," बाई दारातून म्हणाल्या. "तुम्हाला जमणार नाही, पण सोडा."

बाई नंतर साहेबांकडे गेल्या. साहेबांनी फलकावरची पत्रं दाखवली. सोळा मिनिटं देता येणार नाहीत, शांतता तर त्याहून नाही, आणि तक्रार कोणाचीच नाही, असं ते म्हणाले. "माझा आवाज काढा मग," बाई म्हणाल्या. आवाज काढला. पुढच्या सोमवारपासून निवेदिकेच्या आवाजात, उभ्याने हातपाय हलवण्याचा ‘तरतरी’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. छापखाना खूश राहिला. मुख्याध्यापकांनी पत्र लिहून विचारलं की प्रकाश का बंद केला. कात्रीने नवा कार्यक्रमही तितक्याच सफाईने कापला, पण तो फोनमध्ये घेतला नाही.

उरलेले चार आठवडे त्याने बाईंच्या वर्गात काढले. सकाळी सोळा मिनिटं वर्गात, संध्याकाळी सोळा मिनिटं घरी, कसल्याही आवाजाशिवाय. दुपारी डबा घेऊन तो कॅन्टीनमध्ये जाऊन बसू लागला.

"कात्री, तुमचे पाय गुडघ्यात वाकतात हे मला आज कळलं," निवेदिका म्हणाली.

"तू बोल, मी चावतोय."

"मध्ये दम घेऊ का?"

"घे. इथे चालतो."

फरक पडला, पण पडला तो त्याच्या मनासारखा नव्हे. त्याला आकडा हवा होता आणि आकडा साधाच होता. आठवड्यात चौदा वेळा येणारी कळ तिसऱ्या आठवड्यात पाच वेळा आली. चौथ्यात पुन्हा सहा. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. गोळीमुळे की श्वासामुळे की बसून जेवल्यामुळे, असं त्याने विचारलं. "तिघांत भांडण लावू नका आता," डॉक्टर म्हणाले. बायकोचं मोजमाप वेगळं होतं. सकाळी आंघोळीची तिची वेळ तिला दोन वर्षांनी परत मिळाली होती.

"पण सहा म्हणजे रोजची जवळजवळ एक आहे," तो म्हणाला. "ती त्या दिवशी नेमकी कधी येईल?"

"मुहूर्त काढून देऊ का?" बायको म्हणाली. मग त्याच्याकडे बघून तिने प्रवासाची पिशवी भरायला घेतली.

बस सकाळी साडेसातला सुटणार होती आणि साडेअकराला पोचणार होती. नोंदणी साडेबाराची. कात्री खिडकीशी बसला, बायको शेजारी, आणि मागच्या सीटवर इस्त्रीचे कपडे घातलेला थोरला भाऊ, दादा. बस सुटण्याआधीच दादाने पुढे वाकून सांगितलं, "काळजी करू नकोस. ऐनवेळी तुझं काही झालं तर मी आहे. माझी सही मोठी आहे, रकान्यात बसली म्हणजे मिळवली."

"दादा, खाऊन निघालास का?"

"मी? भरपेट. माझं काय, चालत्या बसमध्ये जेवण वाढलं तरी मी जेवेन."

पहिले दोन तास काही झालं नाही. कात्री श्वास घेत होता, सोडत होता. घाट सुरू झाला. दोन तास चाळीस मिनिटांनी, एका वळणावर, ती आली. ओळखीच्या माणसासारखी आली, न विचारता बसली. त्याने हात पोटावर ठेवला. घेतला, सोडला. तिसऱ्या श्वासाला ती थोडी सैल झाली. आठव्या श्वासाला कळून चुकलं की ती जाणार नाही. ती फक्त थांबायला तयार होती, आणि तेही फार वेळ नव्हे.

एरवी या क्षणी त्याचं डोकं फिरत असे. कपाळाला घाम, कानांत ढोल, आणि पुढचं भयंकर चित्र एखाद्या जाहिरातीसारखं पुन्हा पुन्हा. या वेळी डोकं जागेवर होतं. जागेवर असलेल्या डोक्याला एक गोष्ट सुचली. ती दोन वर्षांत सुचली नव्हती, कारण तिला सुचायला सवडच मिळाली नव्हती. तो उठला.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"आलोच."

दांड्या धरत तो पुढे गेला आणि चालकाला, बातम्या सांगाव्यात तशा आवाजात, म्हणाला, "मला शौचाला जायचंय. कुठे थांबता येईल?"

चालकाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "अकरा मिनिटांवर पेट्रोल पंप आहे. तोवर निभेल का?"

कात्रीने स्वतःच्या पोटाला विचारलं. "निभेल."

"मग धरा दांडी. वळणं आहेत." आणि चालकाने मान मागे वळवून आवाज दिला, "पंपावर दहा मिनिटं थांबतोय हो! कोणाला उतरायचं असेल तर उतरा!"

बसमध्ये कोणीतरी मोठ्याने "हुश्श" म्हटलं. मागून एक आजीबाई म्हणाल्या, "देवा, तुझे उपकार. मी मघापासून नातवाचं नाव पुढे करावं की काय, या विचारात होते." दोन जण हसले, मग बरेच जण हसले. कात्री दांडी धरून उभा होता, वळणांबरोबर झुलत होता आणि श्वास घेत होता.

पंपावर चौदा माणसं उतरली. बस थांबवायला सांगणारा तो एकटा, पण रांगेत त्याचा नंबर सहावा लागला. पहिला नंबर दादाचा होता. साठीच्या पुढचा, गुडघ्याची तक्रार असलेला तो माणूस पायऱ्या कधी उतरला आणि आवार कधी ओलांडलं, हे कोणी नीट पाहिलंही नाही.

कात्री सहाव्या नंबरावर थांबला. थांबता आलं.

परत बसमध्ये चढताना दादा त्याच्या कानाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बरं झालं तू बोललास."

"तू तर भरपेट खाऊन निघाला होतास."

"काल दुपारपासून पोटात कण नाही," दादा म्हणाला. "प्रवास असला की मी जेवतच नाही. तीस वर्षं झाली. खात्याच्या जीपमधून रस्त्यांची पाहणी करायला जायचो तेव्हापासूनचं आहे हे. तरी होतंच."

"आणि ते दगड पचवायचं?"

"ते घरी. घरी संडास दहा पावलांवर असतो." दादाने इकडेतिकडे बघितलं. "वहिनीला... म्हणजे माझ्या बायकोला सांगू नकोस. तिला वाटतं मी डाएटवर असतो."

कात्रीला खूप काही बोलता आलं असतं. तीस वर्षांच्या पंगती त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. त्याने ते सगळं काढून टाकलं आणि एवढंच म्हणाला, "माझ्या शेजारी बस. हात पोटावर ठेव. ती छाती झाली."

उरलेला वेळ दोघे भाऊ शेजारी शेजारी, डोळे मिटून, पोटं धरून बसले होते. मागच्या सीटवर गेलेल्या बायकोला तिच्या शेजारणीने विचारलं, "दोघांचंही काही दुखतंय का हो?" "नाही," बायको म्हणाली, "एकाच घरातले आहेत."

बस पंचवीस मिनिटं उशिरा पोचली. नोंदणी कार्यालयात मुलगी दारातच उभी होती. तिने आधी बाबाकडे पाहिलं, मग आईकडे. आईने मान डोलावली. मग तिने काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय झालं?"

"मला काय होतंय?" काका म्हणाले. "मला दगड दिले तरी..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी धाकट्याचा दंड धरला. "जागा कुठे आहे रे इथे?"

कात्रीने खिडकीतल्या कारकुनाला, रांगेतल्या तीन जोडप्यांना ऐकू जाईल असं, विचारलं. कारकुनाने पेनाने जिन्याखालचं दार दाखवलं. "कडी तुटलीय. कोणीतरी बाहेर उभं राहा."

म्हणून कात्री जिन्याखाली दाराला पाठ लावून उभा राहिला. आतून दादा मधून मधून विचारत होता, "आहेस ना?" आणि तो "आहे" म्हणत होता. दोनदा कोणी आलं, त्यांना त्याने शांतपणे सांगितलं की आत माणूस आहे. पावणेएक वाजला. कार्यालयातल्या कर्ण्यावरून मुलीचं नाव पुकारलं गेलं, मग जावयाचं, मग "वधूकडचा साक्षीदार."

मुलगी धावत जिन्याशी आली. बंद दार दिसलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग दाराबाहेर उभा असलेला बाप दिसला.

"बाबा! तू बाहेर आहेस?"

"मी बाहेर आहे."

"मग आत कोण आहे?"

"बदली साक्षीदार," तो म्हणाला. त्याने दारावर टकटक केलं. "दादा, माझं नाव पुकारलंय. आतून दार धरून ठेव आणि सावकाश होऊ दे. घाई नाही."

"जा, जा तू," आतून आवाज आला. "सही नीट कर."

कात्री मुलीबरोबर आत गेला. विवाह निबंधकांनी नोंदवही पुढे सरकवली, रकाना दाखवला. रकाना लहान होता. त्याने पेन घेतलं, आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकही अक्षर न गाळता, आणि खाली सही केली.